रॅक बदलण्याआधी ढिलाई नेमकी कुठे आहे ते शोधा: जुन्या स्कॉर्पिओचं स्टेअरिंग आणि सस्पेन्शन

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही गल्लत असेल तर लगेच सांगता येईल. 2010ची स्कॉर्पिओ, चिपळूणची गाडी, रनिंग 1,80,000च्या पुढे. वेग 80च्या वर गेला की गाडी सरळ रस्त्यावरही भरकटते, स्टेअरिंग सतत सांभाळावं लागतं. खराब रस्त्यावर पुढून डाव्या बाजूने खडखड येते. ब्रेक दाबला की डावीकडे ओढते. जुलै 2021च्या पुरात गाडी रात्रभर पाण्यात उभी होती, पाणी दाराच्या खालच्या कडेपर्यंत. गॅरेजने स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंग फिरवल्यावर पुढची चाकं वळवणारा भाग), दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे हात), सगळे बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांच्यातले गोल सांधे) आणि चारही शॉकअप बदलायला सांगितलेत. पासिंग पुन्हा करून घ्यायचंय, खर्च झेपत नाही, हाताला थोडीफार सवय आहे, तर यातलं घरी काय जमेल?

माझं गॅरेज कऱ्हाडला आहे आणि कुंभार्ली घाट चढून आलेल्या अशा गाड्या आमच्याकडे नेहमीच्या. अनुभवावरून सांगतो, घरी काय जमेल हा पुढचा प्रश्न आहे. आधी ढिलाई कुठल्या सांध्यात आहे हे शोधायला हवं. तुम्हाला मिळालेली यादी खोटी असेलच असं मी म्हणत नाही. पण सगळं बदला म्हणणं म्हणजे तपासणीचा वेळ वाचवून त्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेणं. तुमच्या तीन तक्रारी आहेत आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी असू शकतात. रॅक बदलून ब्रेकची ओढ जाणार नाही, आणि शॉकअप बदलून भरकटणं थांबेल याची खात्री नाही.

गाडी समोर नसताना पुढचं सगळं अंदाजाने लिहितोय, हे लक्षात असू द्या. टायर कुठल्या अवस्थेत आहेत, मधे कोणी काय बदललंय, पुराचं पाणी उतरल्यावर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि कॅलिपर (ब्रेकची डिस्क पकडणारा भाग) उघडून साफ केले होते की नाही, यावर बरंच अवलंबून आहे. पुढच्या सस्पेन्शनला कॉइल स्प्रिंग आहे की टॉर्शन बार (पिळ बसून स्प्रिंगचं काम करणारी लांब दांडी), हेही वाकून बघून घ्या. जुन्या एसयूव्हींमध्ये दोन्ही प्रकार सापडतात आणि जॅक कुठे लावायचा ते त्यावर ठरतं.

सुरुवात टायरपासून करा, त्याला पाना लागत नाही. तळव्याने टायरचा पृष्ठभाग आडवा चाचपा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो (चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळलीत ते) बिघडलाय, म्हणजे टाय रॉडच्या, रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांडीच्या, बाजूला संशय. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड खाल्ली असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, गेलाय. त्यामागे आर्मचे बुश (जोडावरची रबरं), बॉल जॉइंट किंवा बसलेला स्प्रिंग असू शकतो. ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखी झीज असेल तर शॉकअप थकलेत किंवा चाकाचं बॅलन्सिंग नाही. दोन्ही कडा सारख्या झिजल्या असतील तर हवा कमी ठेवून गाडी चालवलीय, दुसरं काही नाही. हवा दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे भरून मग गाडी चालवून बघा. भरकटण्याची निम्मी तक्रार कधी कधी इथेच संपते. पंक्चरवाला अंदाजाने भरून देतो, त्यामुळे स्वतःचा गेज घ्या.

मग सगळ्यात कामाची चाचणी. गाडी सपाट जागेवर, चारही चाकं जमिनीवर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड, इंजिन चालू. घरातल्या कोणाला तरी स्टेअरिंगवर बसवा आणि सांगा, घड्याळात अकरा आणि एक वाजतात तेवढंच स्टेअरिंग डावी-उजवीकडे झटपट हलव, चाक वळायच्या आत परत. तुम्ही खाली वाका, पण अंग चाकाच्या वाटेत येऊ देऊ नका आणि फिरणाऱ्या पट्ट्यांपासून हात आणि बाही लांब ठेवा. आता एकेका सांध्यावर बोटं ठेवत जा. अर्धं बोट टाय रॉड एंडवर, अर्धं नकलच्या (हब धरणाऱ्या, चाकाबरोबर वळणाऱ्या तुकड्याच्या) कानावर. सांधा ठीक असेल तर दोन्ही एकत्र हलतात. ढिला असेल तर एक भाग आधी हलतो, दुसरा मागून येतो, आणि ती बारीकशी टक् कानाआधी बोटाला कळते. मी आजही डोळ्यांपेक्षा बोटांवर जास्त विसंबतो, कारण चिखल आणि ग्रीसच्या थराखाली एखाद्या मिलिमीटरची हालचाल दिसत नाही.

याच चाचणीत तीन जागा आणखी बघायच्या, कारण यांच्यामुळेच चांगले रॅक नाहक भंगारात जातात. पहिली, स्टेअरिंग कॉलममधून रॅककडे येणाऱ्या दांड्याचा युनिव्हर्सल जॉइंट. त्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे हात लावा. वरचा भाग फिरतो आणि खालचा क्षणभर थांबतो असं वाटलं तर रिकामं फिरणं तिथलंच. दुसरी, रॅक चॅसीला जिथे बांधलेला असतो तिथले रबरी बुश. रॅकची अख्खी बॉडी डावी-उजवीकडे सरकत असेल तर बुश गेलेत, रॅक कदाचित शाबूत असेल. तिसरी, रॅकच्या टोकांवरचे रबरी बेलो, म्हणजे घड्यांची रबरी आवरणं. बेलो हलकेच दाबून आत पातळ तेल खेळतंय का ते बघा. तेल असेल तर रॅकचं सील गळतंय आणि मग गॅरेजवाल्याचं म्हणणं बरोबर. आत कोरडं किंवा नुसतं जुनं ग्रीस असेल, आणि बेलोतून चाचपल्यावर रॅक एंडचा (रॅक आणि टाय रॉड यांच्यातला) सांधा खेळत असेल, तर फक्त रॅक एंड बदलायचा. बेलो फाटलेला असेल तर पुराचं पाणी आणि गाळ आत गेलाच असणार. अशा वेळी रॅकच्या दांड्यावर गंजाचे ठिपके आहेत का ते बघा. गंजलेला दांडा नवं सील फार दिवस टिकू देत नाही.

आता चाक वर घ्यायचं. यात तडजोड नाही: जॅक फक्त उचलायला, गाडी टेकवायला भक्कम स्टँड, मागच्या चाकांना ठोकळे, आणि उतारावर किंवा मातीत हे काम करायचंच नाही. गाडीबरोबर मिळालेल्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरायचं नाही. विटा, चिरे, सिमेंटचे ब्लॉक तर अजिबात नकोत, ते सूचना न देता फुटतात. चिरा कोकणात हाताशी असतो, म्हणून मुद्दाम लिहितोय.

बॉल जॉइंट तपासताना बहुतेकांची गल्लत इथेच होते. चॅसीखाली जॅक लावून चाक लोंबकळत ठेवलं तर स्प्रिंगचा ताण सांध्यावर तसाच राहतो, सांधा आवळलेला वाटतो आणि झिजलेला बॉल जॉइंटही पास होतो. स्प्रिंग लोअर आर्मवर टेकत असेल तर जॅक लोअर आर्मखालीच, चाकाच्या जितका जवळ जाईल तितका लावा, म्हणजे भार उतरतो. टॉर्शन बार असेल तर तो कुठल्या आर्मला जोडलाय ते बघा. खालच्या आर्मला असेल तर हीच पद्धत. वरच्या आर्मला असेल तर भार वरचा सांधा झेलतो आणि तो मोकळा करायची रीत वेगळी आहे, ते गॅरेजवर करून घ्या.

चाक जमिनीपासून बोटभर वर असताना टायरखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून वर उचला आणि आर्म व नकल यांच्यातलं अंतर कमी-जास्त होतंय का ते बघा. मग चाक बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा. हलणं थांबलं तर बेअरिंग, तसंच राहिलं तर बॉल जॉइंट. नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवल्यावर खेळ लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. शेवटी चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. घरघर असेल तर हाताला कळते. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीत हब बेअरिंगकडे मी सगळ्यात आधी बघतो. पाणी सीलमधून आत गेलं की ग्रीस पांढरट होतं, आणि बेअरिंग लगेच आवाज करत नाही, वर्ष-दोन वर्षांनी करतं.

खडखडीचं म्हणाल तर माझा पहिला संशय स्टॅबिलायझर लिंकवर, म्हणजे गाडीचं कलणं रोखणाऱ्या बारला चाकाच्या बाजूशी जोडणाऱ्या छोट्या दांडीवर. लहान लहान खड्ड्यांवर, कमी वेगात, एका बाजूने सुटी खडखड, ही तिचीच सवय. तपासणीही स्वस्त. दोन्ही बाजूंच्या लिंक काढून ठेवा आणि ओळखीच्या खराब रस्त्यावर अगदी हळू थोडं अंतर फिरून या. आवाज गेला तर लिंक किंवा तिच्या बारचे बुश. लिंक काढलेली असताना गाडी वळणावर जास्त कलते, तेव्हा हायवेला जायचं नाही, घाटात तर नाहीच. आवाज तसाच राहिला तर शॉकअपचा वरचा आणि खालचा बुश आणि लोअर आर्मचे बुश बघा. मोठा खड्डा आदळल्यावर एकच जड दण्ण असा आवाज येत असेल, तर तिथेच शोधायला लागा.

ब्रेकची ओढ. इथे तुमच्या यादीत नसलेली गोष्ट आधी तपासा, कॅलिपर. पंधरा-वीस मिनिटं चालवून गाडी थांबवा आणि दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ हात न्या. लावू नका, नुसता जवळ न्या. एक बाजू स्पष्ट जास्त तापलेली असेल तर त्या बाजूचा कॅलिपर नीट सुटत नाहीये. ओढ नेहमी तापलेल्या बाजूलाच असते असंही नाही, कारण एक कॅलिपर काम करत नसेल तर गाडी दुसऱ्या, चांगल्या बाजूला ओढते. पुराच्या पाण्यानंतर कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकणं अगदी नेहमीचं. पिना काढून साफ करून, ब्रेकसाठी मिळणारं उष्णता सोसणारं ग्रीस लावून परत बसवणं घरी जमतं. कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा. पिस्टनच अडकला असेल तर ते काम घरचं नाही. कॅलिपर दोन्हीकडे ठीक निघाले तर लोअर आर्मचा मागचा बुश बघा. तो फाटला की ब्रेक दाबताच आर्म मागे सरकतो, चाकाचा कोन बदलतो आणि गाडी त्या बाजूला जाते.

एवढं झालं की यादी आपोआप लहान होते. घरी काय करायचं याबद्दल माझं मत असं: स्टॅबिलायझर लिंक, टाय रॉड एंड, कॅलिपरच्या पिना, स्प्रिंग वेगळी असेल तर शॉकअप, बेलो, हे सवय असलेल्या माणसाने बिनधास्त करावं. दाबाने बसवलेले बॉल जॉइंट, आर्मचे बुश, सीलबंद हब बेअरिंग यांना प्रेस लागते. आर्म स्वतः काढून नेलात तर मजुरी वाचते, पण बुश ठोकून बसवू नका. कॉइल स्प्रिंग दाबणं आणि टॉर्शन बारचा ताण उतरवणं मात्र घरी नको. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोंचा जोर असतो आणि भाड्याने मिळणाऱ्या स्प्रिंग कॉम्प्रेसरच्या हुकांची अवस्था मी बघितलेली आहे.

टाय रॉड एंड बदलण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तो तुम्हाला बहुधा बदलावा लागेल. आदल्या रात्री आट्यांना वायर ब्रश मारून गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. कोकणातल्या गाडीला दोनदा मारा. चाक जमिनीवर असतानाच चाकाचे नट आणि टाय रॉडचा चेक नट (एंडला आट्यांवर घट्ट धरणारा नट) अर्धा आटा सैल करून घ्या. मग गाडी वर, स्टँडवर. काढण्याआधी आट्यांवर चेक नटची जागा रंगाने खूण करून ठेवा. स्प्लिट पिन काढा, वरचा नट सैल करा पण पूर्ण काढू नका, टोकावर राहू द्या. आता बॉल जॉइंटच्या पिनवर हातोडा मारायचा नाही, आटे चेपतात. नकलच्या ज्या कानात पिन बसलेली असते त्या कानाच्या बाजूला मारायचं, जमल्यास समोरून दुसरा जड हातोडा टेकवून. टेपर, म्हणजे पिनचा निमुळता भाग, घट्ट बसलेला असतो, दोन-चार नेमक्या फटक्यांत टप्प करून सुटतो आणि नट टोकावर ठेवलेला असल्यामुळे रॉड खाली आदळत नाही. फाट्यासारखी पट्टी ठोकून काढायची पद्धतही आहे, पण तिने रबर फाटतं. जुना एंड फेकायचाच असेल तरच ती वापरा. पुलर असेल तर उत्तमच.

सोडताना किती फेऱ्यांत निघाला ते मोजा आणि नवा तेवढ्याच फेऱ्यांत चढवा. टेपर आणि कानातलं भोक फडक्याने कोरडं पुसा, तिथे ग्रीस लावायचं नाही. नट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. खाचेचा नट असेल आणि स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून पुढची खाच जुळवायची. मागे कधीच सैल करायचा नाही. स्प्लिट पिन नवीच, नायलॉक नट असेल तर तोही नवाच.

बुशच्या बाबतीत एक गोष्ट इतक्यांदा चुकलेली बघतो की वेगळी लिहितो. आर्मचे आणि शॉकअपचे बुश असलेले बोल्ट गाडी वर असताना नुसते लावून घ्यायचे. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उतरवून, एक-दोनदा दाबून, तिच्या नेहमीच्या उंचीवर आल्यावरच करायचं. चाक लोंबकळत असताना आवळलं की रबर त्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं आणि महिन्याभरात चिरतं. मग लोक म्हणतात, पार्ट डुप्लिकेट होता. पार्ट ठीक होता, बोल्ट वेळेआधी आवळलेला होता.

शॉकअप चारही एकदम घ्यायची गरज नाही, पण एका ॲक्सलचे दोन्ही एकत्र बदला. बॉनेट दाबून सोडायची चाचणी स्कॉर्पिओसारख्या जड गाडीत फारसं सांगत नाही. बाहेरून तेल ओघळलंय का ते बघा. हलकी ओल चालते, खालपर्यंत चिखल धरलेला ओघळ चालत नाही. मागून गाडी डुलते अशी तक्रार तुम्ही केलेली नाही, पण मागच्या लिंकचे बुशही एकदा टॉमीने हलवून बघा. मागचा ॲक्सल तिरका सरकत असेल तरी गाडी भरकटते आणि सगळे पुढचंच सस्पेन्शन शोधत बसतात. बोलेरोवाले वाचत असतील तर त्यांनी मागे कमानपाट्यांचे बुश, शॅकल आणि यू बोल्ट बघावेत. पाटा सेंटर बोल्टवर सरकला की हाच त्रास होतो.

पैसे टप्प्याटप्प्याने खर्च करायचे असतील तर क्रम सुरक्षिततेप्रमाणे लावा, आवाजाप्रमाणे नको. भार झेलणारा बॉल जॉइंट खेळत असेल तर तो आज. तो सुटला तर चाक आडवं पडतं आणि त्या क्षणी हातात काही उरत नाही. तो बदलेपर्यंत गाडी उभी ठेवा. त्याच्याबरोबरीने टाय रॉड एंड, रॅक एंड आणि ब्रेक. मग बेअरिंग, मग आर्मचे बुश, मग शॉकअप. स्टॅबिलायझर लिंकचा आवाज सगळ्यात जास्त त्रास देतो आणि धोका त्यामानाने कमी असतो, पण ती इतकी स्वस्त आहे की ताटकळत ठेवायचं कारण नाही. रॅक यादीत सगळ्यात शेवटी, आणि तेल गळत असेल किंवा रॅकमध्येच खेळ सापडला असेल तरच.

टाय रॉड, आर्म, बॉल जॉइंट यांतलं काहीही उघडलं की अलाइनमेंट करावीच लागते. फेऱ्या मोजून बसवलेला एंड अलाइनमेंटवाल्यापर्यंत हळू नेण्यापुरता ठीक आहे, त्याच्या जोरावर मुंबई गाठू नका. निघण्याआधी पुढच्या दोन टायरमधलं अंतर पुढून आणि मागून, हबच्या उंचीला, टेपने मोजून दोन्ही साधारण सारखी आहेत ना बघा. अलाइनमेंटवाल्याला आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंट मागा. टो ठीक करून कॅम्बर प्रिंटवर लाल रंगातच, म्हणजे मर्यादेबाहेर, राहिला असेल तर काहीतरी अजून वाकलेलं किंवा झिजलेलं आहे, आणि ते शोधायला तो कागद उपयोगी पडतो. तीच गोष्ट पासिंगची. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी गाडी तपासली जाते. अलाइनमेंट आणि ब्रेकचं काम त्याआधी उरकून किमान आठवडाभर गाडी रोजच्या रस्त्यावर चालवा आणि उघडलेले सगळे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासून घ्या.

या रविवारी फक्त तपासणी करा, पार्ट आणू नका. झाल्यावर एवढं कळवा: बेलोमध्ये तेल आहे का, बारा-सहाला चाक हललं का आणि ब्रेक दाबल्यावर थांबलं का, कुठलं चाक जास्त तापतं, आणि स्प्रिंग कुठल्या प्रकारची आहे. जमलं तर डाव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशचा उजेडात काढलेला फोटो टाका. मग रॅकचं बोलू.